वामनरावांचं ध्यान आणि हंसाबाईची बकरी

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी पांढरकवड्यात कारकून वामनरावांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी लोक तहसील कचेरीत येत ते ओरडतच (आणि त्यांचं काही चुकत नव्हतं). तो राग वामनराव घरी आणून बायकोवर, शीलाताईंवर काढत. शेवटी साहेबांनी कचेरीतल्या सगळ्यांना ध्यान शिकवायला नागपूरहून मेंदूचे डॉक्टर बोलावले.

पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवत डॉक्टर म्हणाले, "यातला काही भाग दिवसभर मी, माझं, मला करत बसतो. ध्यानात तो गप्प होतो. आवाज आला, तर मनात 'आवाज' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. उठायचं नाही."

शेवटचं वाक्य वामनरावांना फारच पटलं.

इकडे मुलीचं, केतकीचं लग्न तोंडावर आलेलं. रुखवतासाठी गहू भिजवून, चीक काढून, हाताला फोड येईस्तोवर शीलाताईंनी कुरोड्या घातल्या होत्या. विहीणबाई रुखवतात खोट काढण्यात पटाईत, हे सगळ्या तालुक्याला माहीत. रविवारी पत्रिका वाटायला निघताना शीलाताई म्हणाल्या, "अहो, वाळवणाजवळ बसा. बाकी काई करू नोका."

असं काम वामनरावांना जन्मात मिळालं नव्हतं. अंगणात वाळवणाच्या बाजेशेजारी मांडी घालून त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने कुरकुर ऐकू आली. 'आवाज,' म्हणून त्यांनी सोडून दिली. मग कानाला काहीतरी ओलं लागलं. 'स्पर्श.' तोही सोडला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कशाची म्हणून चिंता वाटेना.

फाटक वाजलं. "अवं माय! बाजेवर बकरी!" शीलाताई ओरडल्या.

'आवाज,' वामनराव पुटपुटले.

"थांबा, दाखवते तुमाले आवाज!"

डोळे उघडले, तर शेजारच्या हंसाबाईची बकरी शेवटची कुरोडी चघळत शांतपणे त्यांच्याकडेच पाहत होती.

"तुमी इथंच होते ना?"

"होतो बी अन् नव्हतो बी. 'मी' म्हणून काई नसतेच, शीला. सारा मेंदूचा खेळ."

शीलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग पोरीच्या रुखवतात आता काय, तुमचा मेंदू मांडू?"

गहू पुन्हा भिजले. या खेपेला सोऱ्या वामनरावांना दाबावा लागला, आणि दर कुरोडीला त्यांच्यातला 'मी' मोठ्याने कण्हत होता.

वाळवण घातल्यावर मात्र शीलाताईंनी त्यांना जवळ फिरकू दिलं नाही. बाजेशेजारी काठी रोवली, तिच्यावर त्यांचा ऑफिसचा शर्ट अडकवला, वर टोपी ठेवली. बकरी फाटकापर्यंत आली, थबकली आणि मागे फिरली.

"पाह्यलं?" शीलाताई म्हणाल्या. "आत तुमी नाई, म्हणून कुरोड्या वाचल्या."