नानाजींची कागदावरची लेक

"घरात पुस्तकं किती?" शेषराव गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं.

"पंचांग धरून का सोडून?" नानाजी म्हणाले.

"धरून."

"एक."

गुरुजींनी रकान्यात 'एक' लिहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. १९७४ सालचा जून अर्धा उलटला होता, तरी उकाडा हलायला तयार नव्हता. मेडशीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात गुरुजी सोळा वर्षं प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. जनगणना, गुरांची मोजणी, मतदारयाद्या, सगळं त्यांनी आजवर निमूटपणे केलं होतं. पण या वेळचा फॉर्म निराळाच होता. युरोपातल्या आठ देशांत श्रीमंतांची पोरं किती शिकतात आणि गरिबांची किती, याची पाहणी चालली होती आणि तुलनेसाठी इकडचीही काही गावं घेतली होती. त्यासाठी वाशीमला एक तात्पुरती पाहणी कचेरी उघडली होती. प्रश्न तिकडेच तयार झाले होते. इकडे कुणीतरी त्यांना नुसता मराठी वेष चढवला होता.

प्रत्येक गावातून दोन घरं घ्यायची होती, एक सर्वांत जास्त जमिनीचं आणि एक बिनजमिनीचं. पहिलं घर शोधावं लागलं नाही. नानाजींची साठ एकर काळी जमीन होती.

"मुलाला अभ्यासासाठी स्वतंत्र खोली आहे का?"

"हाय ना. कापूस भरेपर्यंत."

"हिवाळ्यात ती खोली गरम ठेवण्याची काय व्यवस्था आहे?"

नानाजींनी गुरुजींकडे जरा काळजीनं पाहिलं. "बाजूले म्हैस बांधतो," ते म्हणाले.

"जेवताना तुम्ही मुलाशी अभ्यासाविषयी चर्चा करता का?"

"रोज. 'गधड्या, औंदा तरी पास होय' म्हनतो."

"म्हणजे मुलाचं शिक्षण... मॅट्रिक नापास."

"मॅट्रिक लिवा. पास का नापास असं इचारलं हाय का त्यायनं?"

"विचारलं आहे. कंसात."

"मंग कंस सोडून द्या ना, बापा!"

गुरुजींनी कंस सोडला नाही. 'नापास' लिहून ते उठले.

दुसरं घर बौद्धवस्तीतल्या ग्यानबाचं. ग्यानबा रोजमजुरी करायचा, बहुतेक नानाजींच्याच वावरात. त्याची पोरगी भागिरथा रोज मेडशीच्या हायस्कुलात पायी जाऊन शिकली आणि याच महिन्यात पहिल्या वर्गात मॅट्रिक पास झाली होती. गावातली ती पहिली मॅट्रिक मुलगी. तिला आता अकोल्याच्या अध्यापक विद्यालयात जाऊन मास्तरीण व्हायचं होतं.

"पुस्तकं किती?"

ग्यानबानं पत्र्याची पेटी उघडली. धर्मांतर झालं त्या वर्षापासून वस्तीतली घरं वर्गणी काढून दरसाल दोन-तीन पुस्तकं आणायची आणि ती ठेवायची ग्यानबाकडे, कारण त्याचं छप्पर गळत नव्हतं. गुरुजींनी मोजली. एक्केचाळीस.

"स्वतंत्र खोली?"

"खोली एकच हाय, गुरुजी. पन ते अभ्यासाले बसली का आमी दोघंबी भाईर जाऊन बसतो. मंग सोतंत्रच झाली ना?"

"झाली," गुरुजी म्हणाले आणि तसं लिहिलं. दोन्ही फॉर्म त्यांनी दुसऱ्याच दिवशी टपालात टाकले.

आठ दिवसांनी फॉर्म परत आले. वर लाल शाईत शेरा होता, 'दोन्ही कुटुंबांचे आकडे उलटसुलट झालेले दिसतात. खुलासा करावा.'

गुरुजींनी खुलासा केला. आकडे बरोबर आहेत, स्वतः मोजले आहेत, असं दोन पानं भरून लिहिलं. पुन्हा आठ दिवसांनी फॉर्म परत आले. शेरा तोच, फक्त खाली 'तातडीचे' अशी भर. त्या दिवशी शाळेचं एक कवाड निखळलं होतं, दुसरे मास्तर रजेवर होते आणि चारही वर्ग एकत्र बसून एका सुरात वेगवेगळे पाढे म्हणत होते. गुरुजींचं डोकं फिरलं. त्यांनी फॉर्मवर 'योग्य ते करावे' असे तीन शब्द लिहिले, खाली सही ठोकली आणि पाकीट बंद केलं. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांनी रागाच्या भरात लिहिलेले ते पहिलेच तीन शब्द होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गावात दोन पत्रं आली.

पहिलं नानाजींना. 'आपल्या कन्येने मॅट्रिक परीक्षेत प्रथम वर्ग मिळविला, तसेच आपण घरी एक्केचाळीस ग्रंथांचा संग्रह केला, याबद्दल येत्या रविवारी वाशीम येथे आपला सत्कार योजिला आहे.' नानाजींनी ते पत्र आधी पारावर वाचून घेतलं, मग गिरणीत, मग मेडशीच्या बाजारात. कन्येचा भाग ते हळू वाचायला सांगत आणि ग्रंथांचा मोठ्यानं.

दुसरं पत्र भागिरथाला. विद्यालयात प्रवेश मिळाला होता, पण वसतिगृहातली मोफत जागा नाकारली होती. या वर्षीच्या मोफत जागा पाहणी कचेरीच्या यादीवरून दिल्या होत्या आणि यादीप्रमाणे तिचे पालक साठ एकरांचे मालक होते. हरकत असल्यास पंधरा तारखेच्या आत कळवायचं होतं.

पत्र घेऊन ग्यानबा शाळेत आला. गुरुजींनी पोराला धाडून नानाजींचंही पत्र मागवलं, दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली आणि काय घोळ झाला ते त्यांना उमगलं.

"म्हंजे माही पोरगी सरकारनं नानाजीले देली?" ग्यानबानं विचारलं.

"कागदावर."

"अन् मले कोन देलं?"

"नानाजींचा रामधन."

ग्यानबानं पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडून काई चूक झाली का?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी वाशीमला गेले. एसटी रस्त्यात दोनदा बंद पडली. कचेरीत धरमसिंग नावाचे कारकून होते. त्यांनी फाईल काढली आणि गुरुजींची सही गुरुजींनाच दाखवली.

"तुमीच लिवलं ना, योग्य ते करावे? म्या केलं."

"अहो, एकाची पोरगी दुसऱ्याच्या नावावर केलीत! हे योग्य?"

"सायेब म्हनले, साठ एकरवाल्याच्या घरी एक पुस्तक अन् मजुराच्या घरी एक्केचाळीस, असं युरोपात पाठवलं तं तिकडचे लोक म्हनतील, याइले मोजताच येत नाई. म्हनून जमीन जागच्या जागी ठेवली अन् शिक्षन तेवढं इकडचं तिकडं केलं. पाहा, आता कसं बराबर दिसून राह्यलं."

खरोखरच सगळं बरोबर दिसत होतं. गुरुजींना त्याचाच जास्त संताप आला.

"हे आजच्या आज दुरुस्त करा. मी लिहून देतो."

"तुमी कोन? पालकाचं लिवलेलं पाहिजे."

"मग ग्यानबा लिहून देईल."

"थो तं रामधनचा पालक हाय. पोरीचे पालक नानाजी. त्यायनं लिवून द्याव का हे माही पोरगी नाई. दोघंबी पालक अन् पोरगी, तिघायले घेऊन या."

गुरुजी तसेच नानाजींच्या ओसरीवर पोहोचले. नानाजी रविवारसाठी फेटा बांधून पाहत होते.

"चूक कचेरीची हाय," त्यांनी शांतपणे सांगितलं. "म्या कायले दुरुस्त करू?"

"नानाजी, पोरीची जागा जाईल. पंधरा तारीख आहे."

"आइतवारचा सत्कार होऊ द्या. मंग पाहू."

"मग यादी छापून जाते. त्यानंतर काही होत नाही."

"मंग आता मी लोकायले काय सांगू? बाजारभर वाचून घेतलं ना पत्र!"

गुरुजींनी विनवून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. नानाजी आरशात फेटाच बघत राहिले. गुरुजी बाहेर पडले. ग्यानबाच्या दारात जाऊन त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "माझ्या तीन शब्दांनी घात केला, भागिरथा."

भागिरथानं विद्यालयाचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग नानाजींचं पत्र कसं होतं ते शब्दन् शब्द विचारून घेतलं. 'आपल्या कन्येने' या शब्दांवर ती थांबली. पेटीतून तिनं कायद्याचं एक जाडसर पुस्तक काढलं, त्यात कागदाची खूण घातली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं चालली?" ग्यानबानं विचारलं.

"माह्या बापाच्या घरी," ती म्हणाली.

नानाजींची बायको कस्तुराबाई ओसरीवर तूर पाखडत होती. नानाजी जेवून टेकले होते. अंगणात उभं राहून भागिरथानं हाक मारली, "बाबा, घरी हाव का?"

नानाजींनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग मागे भिंतीकडे. "कोनाले हाका मारून राह्यली वं?"

"तुमाले. सरकारनं मले तुमची पोरगी केली. तुमीबी नाई म्हनलं नाई. मंग म्हनलं, एकदा घर पाहून याव."

"कागदावरची गोष्ट हाय ते!"

"जमीनबी कागदावरच असते ना, बाबा?" भागिरथानं पुस्तक उघडलं. "छप्पन सालचा कायदा हाय. बापाच्या मागं पोरीले पोरासारखाच हिस्सा. म्या इतल्या इतल्यात मांगत नाई. तुमी शंभर वर्सं जगा. पन रामधनभाऊले सांगून ठेवा का विहीर कोनाच्या वाट्याले येईन ते आताच ठरवू. मांगून भांडन नको."

सूप थांबलं होतं. कस्तुराबाई उठून उभी राहिली.

"कायची पोरगी? कोनाची?"

"कचेरीची चूक हाय ते," नानाजी घाईनं म्हणाले.

"मंग बाजारभर पत्र काहून वाचून घेतलं? कन्या, कन्या! मी समजली रामधनच पास झाला, अन् लिवनाऱ्यानं कन्या लिवलं." तिनं कमरेवर हात ठेवले. "तुमाले पोरगी हाय म्हनते सरकार. मले तं आठोत नाई बापा, मी कवा बाळंत झाली ते!"

"अवं, ऐकून तं घे..."

"तुमी ऐका. उद्या सकाळच्या गाडीनं जा अन् हे मिटवून या. नाई तं हे पोरगीबी इथं राहीन अन् हे साठ एकरबी, मी जातो माह्या माहेरी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत नानाजी, ग्यानबा, भागिरथा आणि गुरुजी असे चौघं बसले. नानाजी पुढे बसले, ग्यानबा सगळ्यांत मागे. कचेरीत मात्र पालकांसाठी बाक एकच होता. ग्यानबा बसला. नानाजी म्हणाले, "मी उभा बरा हाय." साहेब जेवायला गेले होते. पाऊण तासानं नानाजींनी भिंतीला पाठ लावली, तासानं एक पाय उचलला आणि सव्वा तासानं ते बाकाच्या अगदी टोकाला बसले. ग्यानबा अंग चोरून आपल्या टोकाकडे आणखी सरकला, तेव्हा बाकाची फळी नानाजींच्या बाजूनं उचलली गेली आणि नानाजींना पडू नये म्हणून त्याच्याजवळ यावंच लागलं.

धरमसिंगांनी कोरा कागद पुढे केला. "सगळं लिवा. अर्धीच रांग दुरुस्त करता येत नाई. पोरगी परत करान तं पोरगा परत घ्या लागते. पुस्तकंबी."

नानाजींना सहीपुरतंच येत होतं आणि गुरुजींनी या फाईलवर आता एक शब्दही लिहायचा नाही असं ठरवलं होतं. लिहायला भागिरथा बसली. तिचं अक्षर पाहून धरमसिंगांनी मान डोलावली.

"मी नानाजी, राहणार वरीलप्रमाणे, लिहून देतो की कुमारी भागिरथा ही माझी कन्या नसून ग्यानबा यांची आहे," ती लिहिता लिहिता वाचत होती. "माझ्या घरी पुस्तकांची संख्या एक."

"पंचांग हाय म्हनून लिव," नानाजी पुटपुटले.

"मंग आइतवारचा सत्कार आता ग्यानबाचा करा लागते," धरमसिंग मध्येच म्हणाले.

"मले नाई जमनार," ग्यानबा म्हणाला. "आइतवारी नानाजीच्या वावरात निंदन हाय."

नानाजी दोनदा खोकले. शेवटी म्हणाले, "जाय बापा. निंदन सोमवारी होईन."

"माझा मुलगा रामधन हा मॅट्रिक नापास," भागिरथा पुढे वाचू लागली आणि थांबली. "किती वेळा, ते लिवाव लागते."

"हेबी इचारते का?" नानाजींनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली. नानाजींनी आवाज अगदी खाली आणला. "पाच."

पेन कागदावर टेकलं नाही. "सहा, नानाजी."

"पाच! मी बाप हाय त्याचा. मले मालूम नाई का?"

"औंदाची धरून सहा."

"औंदा थो बसलाच नाई. परीक्षेच्या टायमाले अकोल्याले गेलता, विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा आनाले. चार रोज लागले त्याले. म्याच पैसे देले."

"माह्याच पुढच्या बाकावर होता," भागिरथा म्हणाली.

नानाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, मग छतावरच्या पंख्याकडे. पंखा बंद होता.

"पन पट्टा तं आनलता त्यानं," ते हळूच म्हणाले. "नवा कोरा. म्या सोता बसोला इंजिनावर."

"असं का?" भागिरथानं जरा आठवून पाहिलं. "तरीच गनिताच्या पेपरले दिसला नाई."

 नानाजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि सहीसाठी हात पुढे केला.

"लिव पोरी," ते म्हणाले, "सहा."