काशीभाऊ आणि नाळेची चौकशी

कुणाकडे बाळ जन्मलं की गावातले लोक विचारतात, मुलगा की मुलगी. आमचे शेजारी काशीभाऊ विचारतात, "नाळ कुठं टाकलीत?"

तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला काहीतरी चोरल्यासारखं वाटावं. कुणी भाबडेपणाने "दवाखान्यातच राहिली" म्हणालं, की भाऊ कपाळावर हात मारतात. "सोनं टाकलंत रे कचऱ्यात," म्हणतात आणि पेढा नाकारून निघतात. फाटकापर्यंत जाऊन परत येतात आणि हिराकाकूंसाठी म्हणून दोन पेढे नेतात.

भाऊंनी उभी हयात कबड्डीचे पंच म्हणून काढली. आमच्या रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत त्यांच्या निकालाला कुणी तोंड वर करून बोलत नसे. सख्ख्या जावयाला त्यांनी बाद दिलं होतं, तेही पहिल्या दिवाळसणाला. जावई रुसून जेवला नाही, तर भाऊ म्हणाले, "जेवू नको. पण पाय रेषेबाहेर व्हता."

अशा माणसाला नाळेचं वेड लागलं ते एका माशामुळे. हिराकाकू, म्हणजे भाऊंची बायको, शिंगाळा साफ करत होत्या. त्याचा काटा बोटात घुसला. काकूंनी हळद दाबली आणि कालवण उरकलं. मग बोट सुजलं, हात सुजला, ताप चढला, आणि काकू भाऊंना "अवो मास्तर" म्हणायला लागल्या. भाऊ कधीच मास्तर नव्हते. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की प्रकरण साधं नाही. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, सेप्सिस आहे.

काकू वाचल्या. पण त्यानंतर त्यांना काहीही बाधू लागलं. शेजारी कुणी शिंकलं की तिसऱ्या दिवशी काकूंच्या छातीत घरघर. डॉक्टरांनी समजावलं, की शरीराची रोगाशी लढायची ताकद आधी पिसाळली आणि आता थकून बसली आहे. ती पुन्हा ताळ्यावर आणता येईल का, यासाठी मूळपेशींवर संशोधन चाललंय. या पेशी हाडाच्या मगजातून काढतात, बाळाच्या नाळेतूनही काढतात.

बाकी सगळं भाऊंच्या डोक्यावरून गेलं. नाळ मात्र त्यांनी पकडली ती पकडलीच.

तेव्हापासून ते भेटेल त्याला सेप्सिस समजावतात. रिक्षात, लग्नात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. "रोगजंतू म्हंजे चढाईला आलेला गडी. आपले सातही जण एकदम त्याच्यावर तुटून पडले. तो गेला निसटून, आन यांनी धरल्या एकमेकांच्याच तंगड्या. मैदान रिकामं. आता शेंबडं पोर चढाईला आलं तरी गुण त्याचा. मूळपेशी म्हंजे प्रशिक्षक. वरडत न्हाय. चवताळलेल्याला खाली बसवते, दमलेल्याला उठवते."

"आणि तुम्ही कोण, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"मी मैदानाबाहेर," ते म्हणाले. "पंचाला खेळता येत न्हाय."

पुढे व्हायचं ते झालं. पलीकडच्या आळीत पाटलांची सून बाळंत झाली आणि भाऊ बर्फाचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. मासळीचाच डबा, पण साबणाने घासलेला. "नाळ द्या," म्हणाले. पाटलांच्या म्हातारीने आधी केरसुणी उचलली आणि मग गाव गोळा केलं. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की काशीनाथ पंच करणी करतो.

पाटील चार माणसं घेऊन जाब विचारायला आले. हिराकाकू तोंडाला मास्क लावून दारात आल्या.

"करणी?" त्या म्हणाल्या. "अवो, यांना अंधारात परसात जायला माझी सोबत लागते. यांना भूत दिसलं तर भुतालाच यांना पानी पाजायला लागंल."

पाटलांना हसू आवरलं नाही. भाऊ मात्र त्यांनाही तंगड्यांची गोष्ट सांगू लागले, तेव्हा ती माणसं आली त्याहून लवकर गेली.

मागच्या महिन्यात मुंबईत याच विषयावर एका डॉक्टरीणबाईंचं भाषण होतं. मी भाऊंना घेऊन गेलो. मांडव्याच्या बोटीत ते धुवट सदरा घालून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात छातीशी धरून बसले होते. भाषण संपल्यावर उभे राहिले.

"ही मूळपेशी बाजारात कधी येनार?"

बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. "काका, अजून चाचण्या चालू आहेत. आशा आहे, पण गुण येतो असं छातीठोक सांगता येत नाही. कुणी पैसे घेऊन देतो म्हणाला तर घेऊ नका."

"मंग माझ्या पेशी घ्या चाचनीला. पैसे नकोत."

"वय काय तुमचं?"

"सत्तरी वलांडली. पन बैठका मारून दाखवतो." आणि सभागृहाच्या मधल्या वाटेत त्यांनी खरोखरच सुरुवात केली. चौथ्या बैठकीला गुडघ्याने दगा दिला. दोघांनी धरून उठवलं. बाई स्वतः खाली उतरून आल्या, भाऊंना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काकूंना गर्दीपासून जपताय ना? सध्या तेच मोठं औषध."

परतीच्या बोटीत भाऊंच्या शेजारी एक गरोदर बाई बसली होती, तिलाही त्यांनी नाळेचं काही विचारलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भाऊंनी अंगणातच आंघोळ केली, कपडे बदलले आणि ओटीवर भिंतीला टेकून बसले. घोंगडी तिथंच घडी करून ठेवलेली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"गर्दीतून आलो का मी इथंच झोपतो, चार-पाच दिस," ते म्हणाले. "जेवनबी इथंच. तिच्याकडं काय न्यायला नको."

काकू आतून म्हणाल्या, "काय बोलल्या बाई?"

"अजून न्हाय, हिरा. येळ लागंल."

"बरं."

मग आतून भांडी वाजली. काकूंनी त्यांचं ताट ओटीवर सरकवलं. स्वतःचं ताट घेऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, दारालगत पाट मांडून बसल्या.

"लांब बस," भाऊ म्हणाले.

"लांबच हाय," काकू म्हणाल्या. "खावा आता, भाकरी गार व्हते."