गेनूमामांची गाडीपारख

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि तीही अजून नीट चढलेलो नाही. त्यामुळे कुणाबद्दल छापण्याजोगे लिहावे एवढा माझा अधिकार नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. पण गेनूमामांना मोटारीचे दात बघताना मी स्वतः पाहिले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मामा लोणीच्या बाजारातले बैलांचे दलाल. मामी जाऊन बरीच वर्षे झाली. एकुलती एक लेक, कुसुमताई, पाथर्डीकडे दिलेली. तिचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचे, तर व्याह्यांनी निरोप धाडला की एसटीच्या धक्क्यांत पोरीला पाठवणार नाही, स्वतःची गाडी आणा. गावाला हसू आले. मामांनी मात्र संगमनेरला माझ्या खोलीवर येऊन विचारले, "भाच्या, तुझं लायसन खरं हाय, का नुसतं फोटूपुरतं?"

मी साखर कारखान्याच्या जीपवर शिकलो होतो. लायसन खरे होते, फक्त फारच नवे.

मग जुन्या गाड्यांची पाहणी सुरू झाली. मामा आधी गाडीभोवती फेरी मारीत, बॉनेट उघडायला लावीत आणि आत वाकून म्हणत, "जुळलाय." म्हणजे सगळे दात आलेले, वय झालेले. नगरची एक पांढरी गाडी मला फार आवडली होती. तिचा एक दिवा मंद लागला, तशी डोळ्यात फूल पडलंय म्हणून मामांनी ती नाकारली. दुसरी चढावर बंद पडली. "बशा बैल हाय ह्यो," म्हणून ते मालकाकडे न बघताच चालू लागले. मी भीत भीत पेट्रोल किती खाते ते विचारले, तर म्हणाले, वैरणीचं मागनं बघू. प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर बसून मात्र ते बराच वेळ हलूनडुलून बघत.

अखेर नेवाशाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी पसंत पडली. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून सांगतात. मामांनी डॉक्टरांचा हात उपरण्याखाली घेतला. डॉक्टरांनी सवयीने नाडी धरली आणि जरा वेळाने म्हणाले, "ठीक आहे." सौदा ठरला असे समजून मामांनी मला किल्ली उचलायला सांगितले. दोघांचा गैरसमज फिटेपर्यंत चहा दोनदा झाला.

विमा एजंटाने माझे वय ऐकून तोंड वाकडे केले. चालवणारा कोवळा, लायसन नवे. तेव्हा अपघात झालाच तर नुकसानीचा पहिला वाटा मालकाने सोसायचा, असा नियम. मामा चकित झाले. बाजारात कोवळ्या खोंडाला उलट भाव जास्त. वयस्कर माणूस सावध चालवतो, एजंटाने समजावले.

"सावध नसतो साहेब, दमलेला असतो," मामा म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी विचारले, गाडीचं झालं, पण मागं बसणाऱ्या माणसाचं काय? त्याचे वेगळे पैसे पडतील, हे कळल्यावर त्यांनी घासाघीस केली नाही. मामांना असे गप्प पैसे मोजताना मी प्रथमच पाहिले.

निघायच्या दिवशी मागच्या सीटवर गोधडी अंथरून, पटका बांधून मामा तयार होते. तेवढ्यात पाथर्डीहून आलेल्या एसटीचा कंडक्टर निरोप घेऊन आला. कुसुमताई तिकडेच मोकळी झाली होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप. व्याह्यांनी पुढे असेही सांगितले होते की झाले ते बरेच झाले. तुमच्या घरात बाईमाणूस नाही, पोरीचे केले कुणी असते?

मला राग आला. हेच म्हणायचे होते तर आधी सरळ सांगायचे. गाडीचे निमित्त कशाला, असे मी बोलून गेलो.

मामा गोधडीची घडी घालत होते.

"ते मला तवाच कळलं हुतं," ते म्हणाले. "पर बापाला गाडी मिळाली न्हाई म्हणून माहेर ऱ्हायलं, असं कुसुमला वाटाया नको."