एकही किडा सापडणार नाही

बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षण केंद्राचं मागचं दार ताईंनी उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. अंगण लख्ख झालं होतं. पाचोळा गायब, गवत गायब, मुंग्यांचं वारूळ सपाट. कोपऱ्यातल्या ओल्या विटांना चुना फासलेला. त्या विटांखालीच तर गोगलगायी राहायच्या.

"मामा! हे काय करून ठेवलंत?"

शिपाईमामा झाडू छातीशी धरून उभे होते, सत्कार स्वीकारायला उभं राहावं तसे. "मोठ्या बाई बघायला येणार ना आज? म्हटलं, ताईंची मान खाली जायला नको. एकही किडा सापडणार नाही, बघा!"

"अहो, किडेच तर दाखवायचे होते मला!"

मामांना हे काही पटलं नाही. पाहुण्यांना किडे दाखवायला बोलावतात, हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

ताईंचं दुखणं वेगळंच होतं. मोठ्या बाई, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, वर्षभर त्या अंगणावर डोळा ठेवून होत्या. त्यांना तिथे सिमेंट घालून गाडी लावायची होती. 'मुलांना निसर्ग शिकवायचा, तर बालवाडीच्या शिक्षिकांचे हात आधी मातीत जायला हवेत,' असं सांगून सांगून ताईंच्या तोंडाला फेस आला होता. शेवटी आजचा वर्ग पाहून काय ते ठरवू, असं बाई म्हणाल्या होत्या. आणि आत शिक्षिका येऊन बसल्याही होत्या.

"कचरा कुठे टाकलात?"

"पुढच्या झाडाखाली. मोठ्या बाईंची गाडी लागते तिथं. कचऱ्याची गाडी येईलच आता."

ताई बाह्या सरसावून धावल्या आणि वर्गाच्या दारातूनच ओरडल्या, "सगळ्या बाहेर चला! आता तुम्ही चार वर्षांच्या! ढिगात जे सापडेल ते बघायचं!"

शिक्षिका आधी घुटमळल्या. कोणी कपडे सावरले, कोणी नाक धरलं. पण एकीला पाचोळ्याखाली गोगलगाय सापडली आणि मग कोणी कोणाला आवरेना. जन्मभर 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणत आलेल्या त्या बायकांना चार वर्षांचं व्हायला फारसा वेळ लागला नाही.

"ताई, ही मला गांडूळ देत नाही!"

"खोटारडी! मी आधी बघितलं!"

"ताई, शूला जाऊ?"

"खरंच लागलीय, की चार वर्षांच्या आहात म्हणून?"

"दोन्ही!"

कचऱ्याची गाडी आली, ढिगात बसलेल्या बायका पाहून थबकली आणि कचरा न उचलताच पुढे गेली. तिच्या मागोमाग हॉर्न वाजला. मोठ्या बाई!

"अहो, उठा! मी गाडी कुठे लावू?"

निवृत्तीला आलेल्या एका शिक्षिकेने ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! बाळं झोपलीत."

"कोणाची?"

"गोगलगायीची."

मोठ्या बाईंनी काच वर केली, गाडी मागे घेतली आणि इमारतीला वळसा घालून थेट मागच्या अंगणात नेली. ताई मटकन ढिगातच बसल्या. ज्या अंगणासाठी एवढं भांडले, तिथे गाडी जाऊन उभीसुद्धा राहिली!

थोड्या वेळाने मोठ्या बाई किल्ली फिरवत आल्या. ढिगात रमलेल्या शिक्षिकांकडे बघून त्यांनी विचारलं, "मुलांनाही अशीच मजा येईल?"

"याहून जास्त," ताई कशाबशा म्हणाल्या. "पण बाई, ते अंगण..."

"अंगण माझं. मामांनी असं चोपून काढलंय, की सिमेंटचीसुद्धा गरज नाही. आणि ही जागा घ्या तुम्ही. हे झाड किती छळतं मला! काचेवर पाखरांची शिट, टपावर चीक, दारात मुंग्या. म्हणून तर मागे जायचं होतं! घ्या, सगळं तुमचं. फक्त माझ्या गाडीपाशी एक मुंगी दिसली, तर बघा!"

अंगण गेलं, आणि भांडायला जागाही उरली नाही. वर्षभर मोठ्या बाईंची गाडी दिसली, की ताई खाली मान घालून इथून सटकायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. केवढं हे झाड! ढोलीत पोपट, फांदीफांदीवर घरटी.

"ताई, हे झाड कसलं हो?" एका शिक्षिकेने विचारलं.

ताईंनी खोडावरून हात फिरवला. पान उलटून पाहिलं. चुरगाळून वास घेतला.

"आपण सगळ्या मिळून शोधून काढू या की!" त्या मोठ्या उत्साहाने म्हणाल्या.

"राहू दे, ताई," निवृत्तीला आलेल्या शिक्षिका मायेने म्हणाल्या. "उत्तर येत नसलं, की आम्हीपण वर्गात अस्संच म्हणतो."