आठवी बेल

इलेक्ट्रिशियन जिना उतरतो न उतरतो तोच पहिली बेल वाजली. सिस्टर औषधांचा ट्रे टेबलावर आदळून धावल्या. मास्तर खाटेवर मांडी घालून बसले होते. चेहरा अगदी टवटवीत.

"काय झालं? कुठे दुखतंय?"

"छे हो. नुसतं बघितलं, वाजते का."

"वाजते!"

"ते कळलं. पण तुम्ही येता का, ते बघायचं राहिलं होतं."

सिस्टर तशा कुणाच्याच सख्ख्या बहीण नव्हत्या. उभा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून काढला, निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एक दुमजली घर भाड्याने घेऊन त्यांनी हा छोटासा वृद्धाश्रम काढला. राहणारी माणसं सात. मदतीला एक बाई. कुणाला काही हवं असलं की हाक मारायची आणि सिस्टरनी 'आले, आले' म्हणत जायचं, एवढीच काय ती व्यवस्था होती आणि ती बरी चालली होती.

पण आता ज्येष्ठांच्या सेवेसाठी सबंध देशाला लागू होणारा नवा कायदा आला होता. प्रत्येक खाटेशी बेल हवी, न्हाणीघरात ओढायची दोरी हवी, पाय न घसरणारी मॅट हवी, बेल वाजल्यापासून दोन मिनिटांत माणूस हजर हवा आणि चार ज्येष्ठांमागे एक सेवक हवा. उद्या तपासणी होती. परवाना नाकारला तर घर बंद. मग मास्तरांना जायला जागाच नव्हती, आणि थोरल्या आणि धाकट्या या दोघी बहिणींची दोन मुलांकडे वाटणी झाली असती. भांडायला समोर बहीण नसेल तर त्या दोघी सहा महिनेही काढणार नाहीत, हे सिस्टरना पक्कं ठाऊक होतं. 

संध्याकाळपर्यंत मात्र त्या बेलांनी सिस्टरचं डोकं उठवलं. थोरल्यांची बेल वाजली, कारण धाकटी घोरत होती. लगेच धाकट्यांची वाजली, कारण थोरली खोटं बोलत होती. त्यात कंडक्टरकाका. हयात बसमध्ये गेलेली, त्यामुळे बेल या विषयावरचा अधिकार निर्विवाद. त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्गच भरवला.

"एक बेल म्हणजे पाणी. डबल बेल म्हणजे गप्पांना माणूस पाहिजे. आणि सलग वाजत राहिली, तर गाडीत काहीतरी पेटलंय असं समजायचं. हातातलं असेल ते टाकून सगळ्यांनी यायचं. कळलं?"

सगळ्यांना कळलं, आणि सरावही सुरू झाला. अर्ध्या तासात सिस्टरनी जिना इतक्यांदा चढला-उतरला की शेवटी त्या मधल्या पायरीवरच उभ्या राहून ओरडल्या, "उद्या तपासणीचे साहेब जाईपर्यंत बेलला कुणी हात लावायचा नाही! नाहीतर घर बंद होईल, आणि मग बसा आपापल्या सुनेच्या घरी बेल वाजवत!"

एकदम सामसूम झाली. मास्तरांनी तर हात पांघरुणाखाली घेतले.

सकाळी मदतनीस बाईंचा फोन आला. "सिस्टर, सासूबाई पडल्या हो. हाडबिड मोडलं नाहीये, पण त्यांच्यापाशी कुणीतरी हवं ना."

आता याला काय म्हणणार? "थांब त्यांच्यापाशी," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवून कपाळाला हात लावला. दार वाजलं तेव्हा हात अजून तिथेच होता.

साहेब तरुण होते आणि फारच सभ्य होते. असली माणसं बघून सिस्टरना जास्त धडकी भरायची. त्यांनी दोरी ओढून पाहिली, मॅटवर पाय घासून पाहिला, हातातल्या टॅबवर खुणा केल्या.

"सेवक किती, मॅडम?"

"दोन."

"दुसऱ्या दिसत नाहीत?"

"त्या ज्येष्ठांच्याच सेवेत आहेत," सिस्टर म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

साहेब मास्तरांच्या खाटेपाशी बसले. "आजोबा, रात्री तहान लागली तर काय करता?"

"मला तहान लागत नाही."

"बरं, समजा छातीत दुखलं तर?"

"सकाळपर्यंत वाट बघतो."

साहेबांनी मान वर केली. "ही बेल वाजवत नाही?"

"ती होय? ती शोभेची आहे," पलीकडून धाकट्या म्हणाल्या.

"हात लावला तर घर बंद होतं," थोरल्यांनी भर घातली. आयुष्यात पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं.

साहेबांची बोटं टॅबवर थांबली. "मॅडम, यांना बेल वाजवायला मनाई आहे? कायद्याच्या भाषेत याला छळ म्हणतात."

 "अहो, वाजवा!" सिस्टर किंचाळल्या. "सगळ्यांनी वाजवा! आत्ताच्या आत्ता!"

माणसं आज्ञाधारक होती. सातही खाटांवर एकदम बेल वाजली. साहेबांनी शांतपणे फोन काढून घड्याळ लावलं. "दोन मिनिटं. प्रत्येकाकडे."

सिस्टर सुटल्या. मास्तरांचा चष्मा उचलला, थोरल्यांची उशी सारखी केली, धाकट्यांची उशी थोरल्यांपेक्षा जास्त सारखी केली, पलीकडच्या खोलीतल्या आजींना पाणी दिलं, धापा टाकत वर गेल्या, मागोमाग घड्याळ बघत साहेबही, वरच्या तिघांना काय हवं-नको ते विचारलं. कंडक्टरकाका म्हणाले, "काही नको, पण न्हाणीघराचा नळ वाहतोय बघा." सिस्टर तशाच तिकडे वळल्या. नवी मॅट कायद्याला जागली, ती तसूभर घसरली नाही. सिस्टरचा पाय मात्र तिच्या कडेत अडकला आणि त्या धप्पकन बसल्या. उठायला गेल्या तर कंबर धरलेली. हाताशी दोरी होती. ती त्यांनी ओढली ती ओढलीच, आणि वरची बेल सलग वाजत राहिली.

आधी कंडक्टरकाका पोचले. "गाडी थांबली! दार मोकळं ठेवा! साहेब, तुम्ही जरा पुढे सरका!" साहेब भिंतीला चिकटले. मागून थोरल्या उशी घेऊन आल्या, त्यांच्यामागे धाकट्या, मास्तर जिन्याचा कठडा धरून शेकायची पिशवी घेऊन आले, वरचे दोघं पांघरूण ओढत आले, खालच्या खोलीतल्या आजी पाण्याचा पेला घेऊन.

"उठायचं नाही!" धाकट्या दरडावून म्हणाल्या. "आधी सांगा, पायाची बोटं हलतात का? चक्कर येतेय का? कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखवा."

हे सगळे प्रश्न सिस्टरचे होते, आवाजाची धारसुद्धा सिस्टरचीच होती. कितीतरी वर्षं त्या हे दुसऱ्यांना विचारत आल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरचे डोळे भरून आले, आणि ते कंबर दुखतेय म्हणून, असं त्यांनी सांगून टाकलं.

साहेबांनी घड्याळ थांबवलं. "पडलेल्या व्यक्तीचं वय लिहावं लागतं, मॅडम."

"त्याचा इथे काय संबंध?"

"कायदा आहे."

"त्रेसष्ट," सिस्टर पुटपुटल्या.

"आम्हाला तर छप्पन्न सांगितलं होतं!" मास्तर म्हणाले.

"साठीच्या पुढे म्हणजे कायद्याने तुम्हीही ज्येष्ठ," साहेब म्हणाले. "आणि सेवक इथे तुम्ही एकट्याच होता."

 मास्तरांनी शेकायची पिशवी सिस्टरच्या कमरेखाली सरकवली.

साहेबांनी त्या गर्दीकडे एकदा पाहिलं आणि घसा साफ केला. "चार ज्येष्ठांमागे एक सेवक, असं कायदा म्हणतो. एका ज्येष्ठामागे सात असले तर काय करायचं, ते त्यात लिहिलेलं नाही. वरिष्ठांना विचारावं लागेल. तोवर परवाना देतो. महिन्याभरात आणखी एक धडधाकट माणूस नेमा. आणि मॅडम, प्रत्येक ज्येष्ठाच्या खाटेशी बेल हवी. तुमच्या खाटेशी दिसली नाही."

दोन दिवसांनी इलेक्ट्रिशियन परत आला आणि सिस्टरच्या उशाशी आठवी बेल बसवून गेला. नवीन बाई खाली कामाला लागल्या होत्या. सिस्टर वर आपल्या खोलीत छताकडे बघत पडून होत्या. तहान नव्हती, दुखत नव्हतं, काहीही पेटलं नव्हतं. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच बेल दाबली. मग पुन्हा एकदा.

जिन्यावर पावलं वाजली. मास्तर, त्यांच्यामागे थोरल्या, त्यांना ढकलत धाकट्या, आणि कंडक्टरकाका तर चक्क खुर्ची घेऊनच आले.

"काय झालं? कुठे दुखतंय?" मास्तरांनी विचारलं.

"छे हो," सिस्टर म्हणाल्या. "नुसतं बघितलं, वाजते का."