टिटवीचा गृहपाठ

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा डरकाळी फोडण्याआधी रेंज आहे का बघायचा, एक टिटवी राहत होती. झाडं संपून माळ सुरू होतो तिथे, अगदी उघड्यावर.

मुलांनो, टिटवी घरटं विणत नाही. ती खड्यांमध्ये अंडी घालते आणि अंडीही खड्यांसारखीच दिसतात. कोणी जवळ आलं, की ती भलतीकडेच जाऊन आरडाओरडा करते. पंख मोडल्याचं सोंग आणून फरफटत चालते. शत्रू हावरटासारखा तिच्यामागे जातो. तो पुरेसा लांब गेला, की पंख आपोआप बरा होतो.

म्हणजे बघा, इतकं पटेल असं खोटं त्या जंगलात दुसऱ्या कोणालाच जमत नव्हतं. पण हे टिटवीला कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आपल्याला काही येत नाही, अशी तिची खात्री होती.

त्या उन्हाळ्यात तिची चार अंडी होती. पहिलीच.

"अंड्यांना गोष्टी ऐकवतेस ना गं?" शेजारच्या साळुंकीने विचारलं. "हल्ली सगळ्या आया ऐकवतात. कवचातच कल्पनाशक्ती तयार होते म्हणे."

"मी ओरडते," टिटवी म्हणाली.

साळुंकी यावर काही बोलली नाही. ते न बोलणं टिटवीला तीन दिवस पुरलं. चौथ्या दिवशी तिने भारद्वाज सरांच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. 'सर्जनशील लेखन : सहा धड्यांत, संपूर्ण मोफत.'

आता भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं मोठी माणसं सांगतात. अशा पक्ष्यावर शंका कोण घेणार? सरांनी स्वतः कधी गोष्ट लिहिली नव्हती. पण डोळे लालभडक होते, म्हणजे वाचन दांडगं असणार.

"फी अजिबात नाही?" तिच्या नवऱ्याने, टिटव्याने, विचारलं.

"नाही. तळमळ आहे हो त्यांना."

"मग ते खातात काय?"

"तुमचं आपलं सारखं खाण्यावर."

पहिला गृहपाठ होता, 'माझं घर.' टिटवीने सवयीने लिहिलं : तळ्यापलीकडे करंजाखाली माझं घर आहे, माझा पंख मोडलाय, मला उडवत नाही.

दुसऱ्या दिवशी सर पडद्यावर दिसले तेव्हा त्यांच्या पायांना चिखल लागला होता आणि आवाज चिडका होता.

"कृत्रिम," ते म्हणाले. "करंजाखाली काही म्हणजे काही नाही. दहापैकी दोन."

टिटवी खजील झाली. सर करंजाखाली कशाला गेले होते, हे तिच्या मनातही आलं नाही. तिला फक्त ते दोन गुण दिसत होते.

"घर छान आहे असं लिहू नका," सरांनी समजावलं. "कुठल्या खुणेपासून किती पावलांवर आहे, ते लिहा. तपशील हवा. तुमची दिनचर्या येऊ द्या. पात्रांत उणिवा हव्यात. खरं लिहायला धाडस लागतं, टिटवीबाई."

टिटवीने धाडस केलं. वारुळापासून पूर्वेला सात पावलं, तिथे वाळकी शेणी, शेणीला लागून पांढरे खडे, त्यांत चार अंडी. ऊन तापलं की मी तळ्यावर पोट भिजवायला जाते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. तेवढा वेळ हे वारुळावर पहाऱ्याला असतात. हे एका पायावर उभे राहून डुलक्या घेतात.

टिटव्याने वाचलं.

"अगं, अंड्यांचा पत्ता कोणी असा लिहून देतं का?"

"तुम्हाला लेखनातलं काही कळतं का?"

"नाही बुवा. आणि मी डुलक्या घेत नाही."

"ती उणीव आहे. पात्र जिवंत होतं त्याने."

सरांचं उत्तर लगेच आलं. 'अप्रतिम. सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. दहापैकी दहा.' टिटवीने ते आधी साळुंकीला पाठवलं आणि मग तळ्यावर गेली.

पोट भिजवून परतते तर शेणीजवळ भारद्वाज सर. वारुळावर टिटवा एका पायावर उभा होता. डोळे मिटलेले.

टिटवी किंचाळली. लांब जाऊन पडली, पंख मोडला, फरफटत निघाली. जन्मात इतकं चांगलं सोंग तिने आणलं नव्हतं.

सरांनी मानही पुरती वळवली नाही.

"हे पहिल्या गृहपाठात होतं," ते म्हणाले. "पुनरावृत्ती टाळा."

टिटवा जागा होऊन धावेपर्यंत चारही अंडी संपली होती. सरांनी चोच गवताला पुसली आणि शांतपणे झुडपात शिरले.

चार धडे बाकी असतानाच संध्याकाळी प्रमाणपत्र आलं. रंगीत, वेलबुट्टीचं. खाली नव्या वर्गाची जाहिरात होती : 'दुःखातून लेखनाकडे. हाही मोफत.' तीनशे बारा जणींनी आधीच नावं घातली होती.

टिटवी किती तरी वेळ रिकाम्या खड्यांकडे बघत बसली. मग तिने हळूच विचारलं, "अहो, पण भाषा तरी चांगली होती ना?"

टिटवा वारुळावर जाऊन दोन्ही पायांवर उभा राहिला.

तात्पर्य : मोफत शिक्षणाला उगाच नावं ठेवू नयेत. ते कधी वाया जात नाही. कोणाचं ना कोणाचं पोट त्याने भरतंच.