माणिकअप्पाचं कॅरेट

शनवारी सकाळी आमच्या गल्लीत दारं लागतेत. चोराच्या भयानं न्हाई, दोडक्याच्या सालीच्या भयानं.

माणिकअप्पाच्या वहाणांचा आवाज गल्लीला पाठ झालाय. हातात स्टीलची वाटी, वाटीवर ताटली, अन् तोंडात एकच बोलणं, "खाल्ल्यावर बोल!" आत काय हाय ते आधी सांगायचं न्हाई, हा त्याचा नेम. खाल्ल्यावर कळतं की दोडक्याच्या सालीची चटणी हाय, न्हाईतर फ्लॉवरच्या दांड्याची भाजी, न्हाईतर मुळ्याचा पाला डाळीत आटवलेला. चटणी चांगली असती, खोटं कामून बोलू? पण शनवारी तीच, सोमवारी तीच, बुधवारी बी तीच म्हणल्यावर माणूस दार लावणारच.

हे सगळं त्या कॅरेटमुळं. आम्ही राहतो बसवकल्याणात. इथून जवळच्या कोहिनूर गावच्या सिद्रामनं एक धंदा काढलाय. शेतात त्या आठवड्याला जे निघंल ते प्लास्टिकच्या कॅरेटात भरायचं अन् शनवारी टेम्पोनं गिऱ्हाइकाच्या दारात आणून ठिवायचं. निवडून घ्यायची सोय न्हाई. दुधी निघाला तर दुधी, अंबाडी निघाली तर अंबाडी. एका कॅरेटात भरल्या घराला पुरंल एवढी भाजी. अप्पाच्या घरात माणसं दोन, तो अन् त्याची बायको काशीअक्का.

मी एकदा म्हणलो, "अप्पा, लहान कॅरेट बी मिळतं म्हणं. ते घे की."

"मला मोठंच पायजे."

"खाणार कोण?"

"तू."



भोपळ्याच्या बिया माळवदावर वाळत घालायच्या अन् दिवसभर काठी घेऊन खारींसंगं भांडायचं. नळाला पाणी सोडणाऱ्याच्या सायकलीला एकदा कोबीचा गड्डा अडकवून आला. आम्हाला वाटलं, गल्लीला पाणी जरा जास्त मिळंल. तो माणूस आमच्या गल्लीत यायचाच कमी झाला. मला दिलेली कारली मी गुपचूप म्हशीच्या गव्हाणीत टाकली. म्हशीनं वास घेतला अन् तोंड फिरवलं. नेमका तवाच अप्पा आला. रागावला न्हाई. एकेक कारलं उचललं, धुतलं अन् घरी घेऊन गेला. संध्याकाळी तळून आणलं. मी खाल्लं. म्हशीच्या देखत खाल्लं.

काशीअक्का उंबऱ्यात बसून मला म्हणायची, "तात्या, येत्या शनवारी त्या रिकाम्या कॅरेटात मलाच बसवा अन् द्या पाठवून. न्हाईतर हे एक दिवस माझीच साल काढून चटणी वाटतेल."

"वाटली असती," अप्पा आतून ओरडायचा, "पर लई तिखट व्हईल!"

मला वाटायचं, माणूस चिकट हाय, दुसरं काय. मग एका शनवारी मी तिथं बसलेलो असताना त्यानं कॅरेटातलं एक गाजर उचललं, माती पुसली न्हाई, तसंच नाकाला लावलं अन् म्हणला, "हे विहिरीकडच्या पट्टीतलं."

मी हसलो. "तुला काय गाजरानं येऊन सांगितलं व्हय?"

अक्का आतून बोलली, "सांगायला कामून लागतंय? आमचीच हाय ती पट्टी." मग म्हणली, "होती."

तवा कळलं. अप्पाचे गुडघे गेले, पोरं एक पुण्याला, एक हैदराबादला, शेताकडं बघायला कुणी तयार न्हाई. म्हणून आमच्या गल्लीत राहायला यायच्या आधीच त्यानं शेत सिद्रामच्या बापाला विकून टाकलेलं. बोलणी करून, राजीखुशीनं. कुणी फसवलं न्हाई, कुणी लुबाडलं न्हाई. फसवलं असतं तर बसून शिव्या तरी देता आल्या असत्या. अप्पाला ती बी सोय राहिली न्हाई. राहिलं ते शनवारचं कॅरेट.

त्या दिवसापासून मी त्याची चटणी मागून घ्यायला लागलो.

आता येळ अमावशाचं सांगतो. त्या दिवशी आमच्या मुलखात गावं ओस पडतेत. ज्याला शेत हाय तो घरदार घेऊन शेतात जातो, कडब्याची खोप करतो, पूजा करतो, अन् हिरव्या शेंगा, पालेभाज्या सगळ्या एकात शिजवून केलेली भज्जी खाऊन वरून अंबील पितो. ज्याला शेत न्हाई त्याला शेतवाले बोलावतेत. त्या दिवशी एखादा माणूस घरी राहिला तर कमीपणा त्याला न्हाई, आम्हाला.

मी दरसाली अप्पाला बोलवायचो. तो म्हणायचा, "सिद्रामनं बोलावलंय." सकाळी धुतलेलं धोतर नेसून, भज्जीचा डबा घेऊन निघायचा, सांजच्याला परत यायचा. अक्का आदल्या दिवशीच भावाच्या शेताला गेलेली असायची. "सासुरवाडीला जेवायला मी काय नवा जावई हाय?" म्हणून हा जात नसायचा.

औंदा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धूळ लागू द्यायची न्हाई म्हणून घरच्यांनी मला घरीच ठिवलं. मला घरी ठिवणारे हे कोण? ते गेले अन् मी दारात येऊन बसलो. तेवढ्यात अप्पा डबा घेऊन बाहेर पडला.

"तू गेला न्हाईस व्हय?" तो दचकलाच.

"तुझ्यासंगं येतो. सिद्रामच्या खोपीत बसतो सावलीला."

त्याला न्हाई म्हणता आलं न्हाई. बस रिकामीच होती. अप्पानं खिडकी धरली अन् तिकिटं काढली ती कोहिनूरच्या पुढच्या गावाची. मला वाटलं, चुकला. कोहिनूर आलं. मी उठलो. अप्पानं माझा हात धरला.

"खाली बस."

"अरं, उतरायचं हाय की!"

"मला न्हाई उतरायचं."

बस सुटली. गाव मागं पडल्यावर सडकंला लागूनच ते शेत आलं. कडब्याची खोप, लुगड्यांचे रंग, अन् सिद्रामचा बाप हातात गाडगं घेऊन शेताभोवती अंबील शिंपडायलाय. शिंपडताना द्यायची ती आरोळी बसमधी ऐकू आली. मी अप्पाकडं बघितलं. त्याचे ओठ त्याच आरोळीत हलायले होते, आवाज नव्हता. मग त्यानं डबा उघडला, मूठभर भज्जी घेतली अन् खिडकीतून बांधाकडं फेकली.

"ओ अप्पा!" कंडक्टर ओरडला. "मागच्या काचा भरल्या की समद्या! घरी असंच करतंव काय?"

अप्पानं डब्याचं झाकण लावलं.

मी म्हणलो, "दरसाली असंच करायलास?"

"व्हय."

"अरं, तो मनापासून बोलावतो."

"बोलावतो की. मी त्याला सांगतो, तात्याच्या शेतात जायलोय." मग म्हणला, "तिथं गेलो तर तो म्हणणार, 'बसा अप्पा.' माझ्या बांधावर मला बसा म्हणणार. तूच सांग तात्या, कसा बसू?"

मला शेत हाय. त्याच्या मांडीवरचा डबा मी माझ्या मांडीवर घेतला.

पुढच्या गावात स्टँडच्या बाकड्यावर बसून आम्ही दोघांनी डबा संपवला. परतीच्या बसमधी त्यानं खिडकी मला दिली अन् स्वतः पलीकडं तोंड करून बसला.

शनवारी टेम्पोसंगं सिद्राम स्वतः आला. अप्पाच्या दारात कॅरेट ठिवलं, मला बघून थांबला.

"तात्या, अमावशाला अप्पा तुमच्यातच होते न्हवं?"

"आमच्यातच," मी म्हणलो.

"पोटभर जेवले?"

"व्हय."

"मग बरं हाय. आमचे बापू दरसाली आधी त्यांचं पान वाढून ठिवतेत, मगच आम्ही बसतोय. औंदा बी लई येळ सडकंकडं बघत बसलेते."

टेम्पो गेला. अप्पा दारामागंच उभा होता, मला त्याचे पाय दिसायले होते. कॅरेट बराच येळ उंबऱ्यावर तसंच पडून राहिलं.